टॉवरचं तोंड गल्लीकडे आहे का?

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात ठाण्यातल्या नौपाडा-चरईच्या रिडेव्हलपमेंटवर मी चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेलचा ढीगच आला. सगळ्यांची गत साधारण सारखीच, जुनी बिल्डिंग जाऊन तिथे 'लक्झरी' टॉवर येतोय, आनंदही होतोय आणि पोटात गोळाही येतोय. त्यातले काही प्रश्न घेतलेत. नावं टाकत नाही, सोसायटीतली भांडणं सोसायटीतच राहिलेली बरी.

ताई, आमची चरईतली तीन मजली बिल्डिंग, १९७४ सालची. शेजारचं कौलारू घर आणि आमचा प्लॉट एकत्र करून २२ मजली टॉवर करायचं चाललंय. बिल्डरने 'हेरिटेज लक्झरी' नावाचं ब्रोशर दिलंय, खाली जाडजूड रोमन खांब, कमानी आणि वर सगळी काच. कमिटीतल्या अर्ध्या लोकांना ते राजवाड्यासारखं वाटतंय, मला लग्नाच्या हॉलसारखं. जुन्या भागाला हे शोभतंय की नाही हे आम्ही सामान्य माणसांनी ओळखायचं कसं?
चरईतले एक काका

काका, लग्नाचा हॉल! मी इतकी वर्षं शब्द शोधत होते, तुम्ही दिलात.

आधी एक गोष्ट बघा. तुमच्या घरापासून चालत अर्ध्या तासात काय काय येतं. कौपिनेश्वराचं देऊळ, ज्याचा जीर्णोद्धार १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी केला. टेंभी नाक्याचं सिनेगॉग, १८७९ सालचं. तलावपाळीजवळचं पोर्तुगीज काळातलं चर्च. तो किल्ला, जो पोर्तुगीजांनी १७३० च्या दशकात बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, आणि आज आपण त्याला नुसतं 'जेल' म्हणतो. १८५३ मध्ये जिथे देशातली पहिली पॅसेंजर गाडी येऊन थांबली ते स्टेशन. आणि १९७८ चं गडकरी रंगायतन, तेही आता जुन्यातच जमा. ह्यातलं एक तरी दुसऱ्यासारखं दिसतं का हो? नाही. ज्याने त्याने आपापल्या काळाचं, आपल्या ऐपतीचं बांधलं. त्यामुळे जुन्या भागात नवीन इमारत 'जुनी दिसली' पाहिजे ही समजूतच मुळात चुकीची आहे. संवर्धनवाल्यांचा १९६४ चा व्हेनिस चार्टर आहे, तोसुद्धा हेच सांगतो, की जुन्या वास्तूत जे नवीन जोडाल त्यावर आजच्या काळाचा शिक्का असू दे, खोटं जुनं करू नका. फायबरचे खांब चिकटवून हेरिटेज होत नाही, पाच पावसाळ्यांत त्यांचे पापुद्रे मात्र निघतात.

मग जुन्या भागात सारखं काय असतं? तर खालचे दोन-तीन मजले. जांभळी नाक्याच्या बाजारात बघा, खाली दुकान वर घर. चरई, खारकर आळीत ओटा, ओट्याला लागून पडवी, रस्त्यावर उघडणारी खिडकी. गल्लीत कोण आलं कोण गेलं हे खिडकीतल्या आजीला ठाऊक. इमारत कुठल्या का स्टाइलची असेना, ती गल्लीकडे तोंड करून बसलेली असते. आणि आताचे लक्झरी टॉवर नेमके इथेच घात करतात, कारण खाली चार-चार मजल्यांचं पोडियम पार्किंग, त्याला जाळी, जाळीमागे गाड्या, समोर भलंमोठं गेट आणि सिक्युरिटीची केबिन. म्हणजे रस्त्यावरून चालणाऱ्याच्या नजरेला साठ-सत्तर फूट लांब भिंत आणि धुराचा वास, बस. अशी तीन पोडियमं एका रांगेत आली की गल्ली मेली म्हणून समजा, संध्याकाळी सातनंतर बायकांना तिथून जाताना पाय उचलावे लागतात.

पार्किंग तर लागणारच, ते मी नाकारत नाही, आणि उंच इमारत म्हटली की फायर ब्रिगेडच्या गाडीला फिरायला मोकळी जागाही सोडावीच लागते, त्यामुळे जुन्या घरांसारखं अगदी रस्त्याला चिकटून बांधता येत नाही. पण पोडियमच्या रस्त्याकडच्या बाजूला दहा-बारा फूट खोलीची एक पट्टी काढता येते. त्यात दुकानं, सोसायटी ऑफिस, एखादा दवाखाना, वरच्या लेव्हलला घरून काम करणाऱ्यांसाठी खोल्या, आणि गाड्या त्याच्या मागे. त्या दोन-तीन मजल्यांची उंची शेजारच्या इमारतींच्या उंचीशी जुळवायची आणि टॉवरचा वरचा भाग तिथून मागे सरकवायचा. मग गल्लीतून बघणाऱ्याला शेजारीपाजारी दिसतात, टॉवर डोक्यावर येत नाही. बिल्डर म्हणेल पार्किंगच्या चार-सहा जागा कमी होतील. होतील. पझल पार्किंग घ्या, म्हणजे यंत्राने गाड्या सरकवून एकावर एक लावायचं, लिफ्टने गाडी चढवा, मार्ग असतो. ती दुकानं विकून त्याचे पैसेही सुटतात, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, फक्त वेगळं ड्रॉइंग काढायचा कंटाळा असतो.

जुनं आणि आलिशान दोन्ही खरंखुरं एकत्र आलेलं बघायचं असेल तर लंडनच्या किंग्ज क्रॉसचं उदाहरण सांगते. तिथे व्हिक्टोरियन काळातल्या गॅसच्या टाक्या होत्या, टाक्या म्हणजे त्यांच्याभोवतीच्या ओतीव लोखंडाच्या गोल चौकटी. संरक्षित वास्तू, पाडायची सोय नाही. तर त्या चौकटी सुट्या केल्या, दुरुस्त केल्या, थोड्या अंतरावर परत उभ्या केल्या आणि तीन चौकटींच्या आत तीन गोल इमारती बांधल्या, एकूण १४५ फ्लॅट. तिन्हींची उंची वेगवेगळी ठेवली, कारण गॅस भरेल तशी ती टाकी वरखाली व्हायची, त्याची आठवण म्हणून. खोटी कमान कुठेही नाही! व्हिएन्नात तसंच, १८९० च्या दशकातले विटांचे चार प्रचंड गॅसोमीटर, २००१ पर्यंत त्यांची घरं झाली, बाहेरची विटांची भिंत तशीच. पण तिथली अडचणही ऐका, गोल जाड भिंतीच्या आत उजेड कसा आणायचा ह्यावर चार आर्किटेक्टांनी चार उत्तरं काढली, झाँ नुव्हेलने आतली इमारत फाका पाडून मधून उजेड आत घेतला. जुनं कवच ठेवणं सोपं असतं, त्याच्या आत माणसाला राहता येईल असं घर करणं अवघड.

आता तुम्ही कमिटीत काय करायचं. थ्रीडी व्ह्यू बाजूला ठेवा. थ्रीडीमध्ये आभाळ कायम निळं असतं, वायरी नसतात, भाजीवाली नसते आणि तुमच्या वीस फुटी गल्लीचा हायवे झालेला असतो. तीन ड्रॉइंगं मागा. एक, तुमच्या बिल्डिंगच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन इमारतींसकट रस्त्याकडून दिसणारं एलिव्हेशन. दुसरं, गल्ली आडवी कापून काढलेलं सेक्शन, समोरच्या बिल्डिंगसकट, म्हणजे कुणाच्या खिडकीवर किती सावली पडते ते कळेल. आणि तळमजल्याचा प्लॅन. त्या प्लॅनवर लाल पेन घेऊन रस्त्याकडची जी जी बाजू नुसती भिंत, जाळी, मीटर रूम किंवा रॅम्प आहे तिच्यावर रेघ मारा. अर्ध्याहून जास्त लाल झालं तर परत पाठवा. ५१ टक्के सभासदांची संमती लागते ना सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या २०१९ च्या जीआरप्रमाणे, मग ती देण्याआधी हे करा, नंतर तुमचं कोण ऐकणार.

टॉवरला 'कासा' की 'पॅलाझो' असं काहीतरी नाव द्यायचं म्हणतायत. आमच्या बिल्डिंगला आजवर मालकाच्या आईचं नाव होतं.
नौपाड्यातून

आईचंच ठेवा. रिक्षावाल्याला तेवढंच माहीत असतं.

आम्ही दोघं आयटीत आहोत, तलावपाळीच्या बाजूला दहाव्या मजल्यावर थ्री बीएचके बघितलाय, पश्चिमेला तलाव, हॉलला जमिनीपासून छतापर्यंत काच. व्ह्यू बघूनच पडलो प्रेमात. पण आईबाबा म्हणतायत काचेच्या डब्यात भाजून निघाल. कोण बरोबर?
सध्या मुलुंडला भाड्याने राहणारे

आईबाबा. पण तुम्हीही पूर्ण चुकलेले नाही आहात, मासुंदा तलाव संध्याकाळी वरून काय दिसतो हे मला माहितीये, त्याला पैसे मोजावेसे वाटणारच.

पश्चिमेचं ऊन तिरकं असतं, चार वाजल्यापासून सरळ सोफ्यापर्यंत येतं. आतून पडदा लावला तरी उष्णता काचेतून आत आलेलीच असते, पडदा फक्त तुमचे डोळे वाचवतो. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवायला हवं. म्हणून आपल्याकडच्या जुन्या घरांना खोल व्हरांडा, पुढे आलेला छज्जा, खाली उतरलेली कौलं असायची, आणि तेच पावसालाही चालायचं. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो सरळ खाली पडत नाही, नैऋत्येच्या वाऱ्याने आडवा येतो. सपाट काचेच्या भिंतीला छज्जा नसेल तर जुलैत स्लायडिंगच्या ट्रॅकमधून पाणी हॉलमध्ये, मग टॉवेल, मग बादली, मग सोसायटीच्या ग्रुपवर फोटो.

त्यामुळे बिल्डरला विचारा, हॉलसमोर किमान पाच-सहा फूट खोल बाल्कनी आहे का. असेल तर घ्या, आणि देवाशप्पथ ती हॉलमध्ये घेऊ नका. ठाण्यात ताबा मिळाला की पहिला फोन फॅब्रिकेटरला जातो, बाल्कनी बंद करायला, आणि पुढची वीस वर्षं माणूस एसीचं बिल भरत बसतो. ती बाल्कनीच तुमची सावली आहे.

दुसरं, आवाज. वर गेलं की आवाज कमी होतो असं धरून चालू नका, खालच्या मजल्याला झाड, कंपाउंड, समोरची बिल्डिंग असं काहीतरी आड येतं, तलावाकडे तोंड करून दहाव्या मजल्यावर आड काहीच नाही. नवरात्रात टेंभी नाका, गणपतीत विसर्जन, पाडव्याला शोभायात्रा, आणि रोज रात्री हॉर्न. मला स्वतःला त्यातला हॉर्न सोडून सगळं आवडतं, तुम्हाला आवडेल का ते घर बुक करायच्या आधी शनिवारी रात्री नऊला तिथे उभं राहून बघा. आवाजासाठी साध्या जाड काचेपेक्षा लॅमिनेटेड काच बरी, दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो तो कंप खातो. पण काच कितीही भारी लावा, स्लायडिंगच्या फटीतून आवाज येतच राहतो, बेडरूमला तरी रबराची किनार असलेली, दाबून बंद होणारी खिडकी मागून घ्या.

आणि फ्लॅटला दोन बाजू आहेत का ते बघा. नुसती पश्चिम उघडी आणि बाकी तिन्हीकडे भिंत असेल तर वारा आत येऊन जाणार कुठून? जुन्या वाड्याचा चौक ह्याच कामाचा होता. एका मजल्यावर चार फ्लॅट असतील तर प्रत्येकाला कोपरा मिळतो, आठ असतील तर मधल्यांचं काही खरं नाही. छताची उंचीही मोजा, फिनिश झालेल्या फरशीपासून फॉल्स सीलिंगपर्यंत, कारण सेल्समन स्लॅब टू स्लॅब सांगतो आणि त्यातून स्लॅब, फरशी, डक्ट, सीलिंग सगळं मिळून फूट-सव्वा फूट जातं. माझ्या मते इटालियन मार्बलपेक्षा एक फूट जास्त उंची ही केव्हाही मोठी चैन आहे, पण ब्रोशरमध्ये तिचा फोटो काढता येत नाही.

मी निवृत्त शिक्षिका, वय ७१, एकटीच असते. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय. मला फुकटात नवीन, मोठा फ्लॅट मिळणार म्हणून सगळे अभिनंदन करतायत. पण वर स्विमिंग पूल, जिम, स्काय लाउंज की काय ते. मेंटेनन्स किती येईल ह्याचं उत्तर कोणीच देत नाही. मी उगीच घाबरतेय का?
राम मारुती रोडजवळून

बाई, उगीच अजिबात नाही. ह्या अंकातला सगळ्यात शहाणा प्रश्न तुमचा आहे, आणि खरं सांगायचं तर मिटिंगमध्ये तो कोणी विचारत नाही कारण विचारणारा गरीब वाटेल अशी भीती असते.

हिशोब करून बघू. समजा तुमचा नवा फ्लॅट ७०० चौरस फूट आणि मेंटेनन्स १२ रुपये फुटाने आला, तर महिन्याचे ८,४०० झाले. आज तुम्ही कदाचित दीड-दोन हजार भरत असाल. महिना ७,५०० च्या वर गेला आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असली की जीएसटीचाही विषय निघतो. आता समजा तुम्हाला ८ लाख कॉर्पस, म्हणजे बिल्डर सभासदांना देतो तो एकरकमी निधी, मिळाला आणि तो ७ टक्क्यांनी ठेवला, वर्षाचे ५६,००० म्हणजे महिन्याला ४,६६७. उरलेले पावणेचार हजार पेन्शनमधून. आणि व्याज आहे तिथेच राहतं, मेंटेनन्स दरवर्षी वाढतो. हे आकडे मी मांडलेत, तुमचे वेगळे असतील, पण गणित हेच.

त्यातली एक गोम फार थोड्यांना माहिती असते. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधीत सर्व्हिस चार्जेस, म्हणजे वॉचमन, सफाई, कॉमन लाइट वगैरे, हे सगळ्या फ्लॅटना समान असतात, फ्लॅट लहान असो की मोठा. लिफ्टचंही समान. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण, हे बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, अनुक्रमे किमान पाऊण टक्का आणि पाव टक्का वर्षाला. म्हणजे उद्या वरच्या मजल्यावर तीन हजार फुटांचं पेंटहाउस घेणारा, आणि तुम्ही, सर्व्हिस चार्जेस सारखेच भरणार. आणि स्विमिंग पूलचं पाणी गाळायचा खर्च, दोन जास्तीच्या लिफ्ट, लॉबीतला सेंट्रल एसी, हे सगळं कुठल्या खात्यात जातं? ह्याच. बिल्डर ताब्याच्या सुरुवातीला फुटाने घेतो, नंतर सोसायटी झाली की समान होतं, लहान फ्लॅटवाल्याच्या अंगावर येतं ते तेव्हा. अपार्टमेंट म्हणून नोंदणी झाली तर हिस्सा वेगळ्या पद्धतीने, मालकीच्या टक्केवारीने ठरतो, पण आपल्याकडे जुन्या सोसायट्यांची सोसायटीच राहते.

तेव्हा तीन-चार गोष्टी डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्यायला लावा, तोंडी नको. अॅमेनिटीजचा अंदाजे वार्षिक खर्च बिल्डरने लेखी द्यावा. कॉर्पस प्रत्येकाला वाटून देण्याऐवजी निदान त्याचा एक भाग सोसायटीच्या नावाने वेगळा ठेवून त्याच्या व्याजातून जुन्या सभासदांचा मेंटेनन्स काही वर्षं भागवता येईल का ते बघा. आणि पूल. बाई, पूल नकोच म्हणा. तलावांच्या शहरात गच्चीवर तलाव कशाला! त्या जागी बसायला सावली, दोन-चार झाडं आणि वाचनाची खोली करा. आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, ठाणेकर वाचतो हे सिद्ध झालेलं आहे, ठाणेकर गच्चीवर पोहतो ह्याचा पुरावा मला अजून मिळायचाय.

लक्झरीची माझी व्याख्या विचाराल तर जुने लोक तिथे राहू शकले पाहिजेत. पाच वर्षांत निम्मे जुने सभासद फ्लॅट विकून बदलापूर-टिटवाळ्याला गेले तर त्या टॉवरने गल्लीतून माणसंच काढून नेली ना, मग समोर कितीही कमानी लावा.

आमचा खारकर आळीत वडिलोपार्जित वाडा आहे, पंचवीस फूट रुंद, मागे लांब, पुढे ओटा, सागवानी खांब, मागे विहीर. आम्ही तीन भावंडं. एकाला पाडायचा आहे, एकीला जसाच्या तसा ठेवायचा आहे आणि मी मध्ये. एक बिल्डर म्हणाला पुढची भिंत ठेवू आणि मागे टॉवर घालू. चालेल का?
मधला भाऊ

मधला भाऊ म्हणजे सगळ्यांची बोलणी खाणारा, माझ्या घरीही एक आहे.

नुसती पुढची भिंत ठेवायला माझा जीव होत नाही. वाडा म्हणजे भिंत नव्हे, त्याची लाकडी चौकट, ओट्यावरून पडवी, पडवीतून माजघर, मग चौक, हा आत जाण्याचा क्रम म्हणजे वाडा. भिंत ठेवून मागे टॉवर म्हणजे आजोबांचा फोटो लावून त्यांचं कपाट भंगारात देणं.

पंचवीस फूट रुंदीत टॉवर तसाही नीट बसत नाही. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल ते प्रमाण, रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, आळीतल्या रुंदीला फार काही मिळत नाही, आणि उंच गेलात की बाजूला सोडायच्या जागेतच अर्धा प्लॉट जातो. नॅशनल बिल्डिंग कोड १५ मीटर आणि त्यावरच्या इमारतीला उंच इमारत धरतो, मग फायरचे सगळे नियम. त्यापेक्षा खाली राहा. पुढचे दोन खण, ओट्यासकट, दुरुस्त करून ठेवा, मध्ये चौक मोकळा, आणि मागच्या भागात जेवढी परवानगी मिळेल तेवढी, चार मजल्यांच्या आतली नवीन इमारत, एका मजल्यावर एकच घर. पुढे-मागे वारा, मध्ये आकाश, शेजारी कोणी नाही. जुन्या ठाण्यात ह्याहून आलिशान फ्लॅट मला तरी माहीत नाही. तिघांची तीन घरं, एखादं विकून खर्च, आणि पुढचा वाडा तिघांचा सामाईक. जागा कुणाला कोणती ह्यावर भांडाल, ते भांडण मी सोडवत नाही.

काही गोष्टी लगेच. महापालिकेच्या शहर विकास विभागात जाऊन वाडा हेरिटेज यादीत आहे का बघा. असेल तर वेगळी परवानगी लागते, पण यादीतल्या वास्तूच्या मालकाला न वापरता आलेल्या हक्काबद्दल टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळण्याचीही नियमात सोय आहे, म्हणजे पाडला नाही म्हणून सगळंच बुडालं असं नाही. लाकूड उतरवायची वेळ आली तर प्रत्येक तुळईवर, खांबावर, कडीपाटाच्या फळीवर ऑइल पेंटने नंबर आणि नकाशावर तोच नंबर, नाहीतर महिन्याभरात ते नुसतं सरपण होतं (आणि चांगला जुना साग रात्रीतून गायब होतो, हेही लक्षात असू द्या). जुन्या भिंती चुन्यातल्या असतील, त्यांना सिमेंटचं प्लास्टर करू नका. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, सिमेंट ती आतच कोंडतं, मग दोन पावसाळ्यांत क्षार फुटून रंग सोलायला लागतो आणि आपण म्हणतो वाडा जुना झाला. चुन्याचं काम करणारा गवंडी मिळत नाही ही सबब मीही ऐकते, शोधला तर मिळतो, जरा महाग मिळतो.

विहीर बुजवू नका. वरून जाळी टाका, गच्चीचं पावसाचं पाणी गाळून तिच्यात सोडा, रेनवॉटर हार्वेस्टिंगची टाकी आयती मिळाली.

आमच्या शेजारच्या प्लॉटवर टॉवरसाठी दोन बेसमेंट खणतायत. आमची बिल्डिंग जुनी, लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच उभी. महिन्याभरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय, बाथरूमचं दार लागत नाही. साइटवरचा माणूस म्हणतो जुनीच भेग आहे, वर म्हणतो पुट्टी मारून देतो. काय करू?
उथळसरहून

पुट्टी मारू देऊ नका! सगळ्यात आधी हे. भेग बुजली की पुरावा बुजला.

खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग आणि अचानक अडकणारं दार, हे दोन्ही एकत्र आलं तर पाया एका बाजूने खचत असण्याची शक्यता धरावी लागते. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक रेघा वेगळ्या, त्यांना मी एवढं घाबरत नाही. बेसमेंट खणताना दोन गोष्टी होतात, एक तर खड्ड्याच्या बाजूला नीट आधार नसला की शेजारची माती खड्ड्याकडे सरकते, आणि दुसरं म्हणजे आत येणारं पाणी रात्रंदिवस पंपाने उपसतात, त्याने आजूबाजूच्या जमिनीतली पाण्याची पातळी उतरते आणि माती दबते. तळ्याच्या किंवा खाडीच्या जवळ पाणी वरतीच लागतं, त्यामुळे उपसा जास्त. तुमच्या आवारात विहीर असेल तर तिचं पाणी किती उतरलं तेही रोज मोजा, तो फुकटचा मीटर आहे.

खरं तर खोदायच्या आधीच त्या बिल्डरने शेजारच्या प्रत्येक घराची तारखेसकट फोटो-पाहणी करायला हवी होती. केली असेल तर तिची प्रत मागा, जुनीच भेग आहे की नाही ते एका मिनिटात कळेल. केली नसेल तर 'जुनीच आहे' हे तो कशावरून म्हणतो ते लेखी विचारा. सोसायटीच्या लेटरहेडवर बिल्डरला आणि महापालिकेला पत्र, पोचपावती घेऊन. स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतःचा लावा, बिल्डरने पाठवलेला नको, फी सगळ्यांनी मिळून भरा. जिना, गच्ची, तळमजल्याचे कोपरे तो बघेलच, पण घरं आतून दाखवायला लोक कुरकुरतात, त्यांना आधी तयार करून ठेवा. आणि भेग बोटभर रुंदीची झाली, रात्रीतून वाढली, किंवा जिन्याच्या बाजूला दिसायला लागली तर पत्रबित्र राहू द्या, सरळ घर रिकामं करून महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाला फोन करा.

तोपर्यंत घरच्या घरी करायचं एक काम. भेगेवर आडवी, मायक्रोस्कोपखाली ठेवतात तसली काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. भेग हलली की काच तडकते. काच मिळाली नाही तर भेगेची दोन्ही टोकं जिथे संपतात तिथे पेन्सिलने बारीक रेघ मारून शेजारी आजची तारीख घाला आणि पट्टी धरून फोटो काढा. दर रविवारी तेच.